सणाचं कार्टून म्हणजे लहान मुलांचंच असं नसतं

मा. संपादक,
नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत सुट्टीत मुलांना दाखवायच्या ॲनिमेशन सिनेमांची यादी आली होती, आता नाताळ जवळ आलाय म्हणजे तशीच एक यादी परत येणार, ती छापायच्या आधी हे पत्र वाचलं जावं म्हणून मोबाईलवरच टाइप करतेय, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या. यादी वाईट होती असं अजिबात म्हणत नाही. पण प्रत्येक सिनेमाचं नाव, एक फोटो आणि "सगळ्या कुटुंबासाठी धमाल", एवढंच. किती वर्षांच्या मुलाला, किती मिनिटांचा, कुठल्या भाषेत, त्यात घाबरण्यासारखं काय, यातलं काहीच नाही. ज्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं पोर आहे त्यांना नेमकं हेच हवं असतं हो.

मी सांगलीत विश्रामबागला पाळणाघर चालवते. अडीच ते सहा वर्षांची मुलं असतात. शाळांना सुट्टी लागली की आमच्याकडे उलट गर्दी वाढते, कारण आईबापांच्या बँकेला, दवाखान्याला, एमआयडीसीतल्या शिफ्टला सुट्टी नसते, आणि मोठी भावंडं पण त्या दिवसांत आमच्याकडेच येऊन बसतात. दिवसभर चित्रं काढून, मातीत खेळून, किल्ला करून झाला की चार वाजता कोणीतरी म्हणतंच, मावशी कार्टून लाव. मी टीव्हीच्या विरोधात नाही, तसलं सोवळं पाळून पाळणाघर चालत नाही. पण लावायचं काय, हा प्रश्न दर सुट्टीत येतो आणि दर सुट्टीत कोणीतरी पालक प्रेमाने पेनड्राइव्ह आणून देतात, "सणाचा पिक्चर आहे, सगळ्या पोरांना दाखवा". त्यात काय आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "कार्टूनच आहे की, मावशी!"

आता सर्टिफिकेटचं बघा. थिएटरच्या सिनेमांना २०२४ पासून यूए, म्हणजे लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचं, या सर्टिफिकेटचे तीन भाग केलेत, ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर अशीच विभागणी २०२१ च्या नियमांपासून आहे. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात येतं आणि दोन सेकंदात जातं. त्यातही एक गोम आहे, ओटीटीवर कुलूप, म्हणजे पेरेंटल लॉक, द्यायची सक्ती १३+ पासून वर आहे. म्हणजे ७+ चा सिनेमा चार वर्षांच्या पोराने रिमोट दाबून लावला तर नियमाप्रमाणे त्याला अडवायची कोणावर जबाबदारी नाही, तुम्ही स्वतः मुलांचं वेगळं प्रोफाइल करून ठेवलं तरच. आणि नुसतं 'यू' असेल तरी त्याचा अर्थ कोणीही बघावं, आक्षेपार्ह काही नाही, एवढाच. तीन वर्षांच्या मुलाला ते कळेल, झेपेल, रात्री नीट झोप लागेल असं सेन्सॉर बोर्ड काही लिहून देत नाही, ते त्यांचं कामही नाही.

नावावर तर जाऊच नये. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' हा १९९३ चा सिनेमा, नावात ख्रिसमस आहे, बाहुल्या हलवून केलेलं ॲनिमेशन आहे, त्यामुळे नाताळच्या कुठल्याही यादीत तो हमखास दिसतो. सिनेमा म्हणून भारी आहे, मला स्वतःला आवडतो. पण त्याचा हिरो सांगाडा, एक खलनायक म्हणजे पोत्यात भरलेले किडे, आणि सांताक्लॉजला पोत्यात कोंबून पळवून नेतात! डिस्ने कंपनीने तेव्हा तो आपल्या नावावर न काढता टचस्टोन नावाच्या दुसऱ्या बॅनरखाली काढला होता, लहान मुलांना जड जाईल या भीतीने. बनवणाऱ्यांनाच जी शंका आली ती यादी करणाऱ्यांना येऊ नये का?

लहान मुलं कशाला घाबरतात याचा मोठ्यांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, हे इतक्या वर्षांत बघून बघून सांगते. तीन-चार वर्षांचं मूल दिसण्याला आणि आवाजाला घाबरतं. चेहरा एकदम बदलला, डोळे मोठे झाले, अंधारात काहीतरी धाडकन आलं, की संपलं. त्याला "अरे खोटं आहे ते, चित्र आहे" असं सांगून उपयोग नाही कारण खरं-खोटं हा हिशोब त्याच्या डोक्यात अजून बसलेला नसतो. सात-आठ वर्षांचं मूल राक्षसाला हसतं, पण खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतं, आई हरवली, घराला आग लागली, वडील परत आले नाहीत. म्हणून दोघा भावंडांना एकच सिनेमा लावला तर एक एका जागी रडतं आणि दुसरं दुसऱ्याच जागी गप्प होतं.

आणि यात गावाचाही भाग असतो. 'द पोलर एक्स्प्रेस' (२००४) मध्ये आगगाडी गोठलेल्या तळ्यावर येते आणि खालचा बर्फ फुटत जातो. पुण्या-मुंबईच्या मुलाला ती नुसती थरारक मजा वाटेल. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्याकडची कितीतरी मुलं तेव्हा बोटीतून घराबाहेर काढलेली, आणि त्याच वर्षीच्या नाताळात मामाकडे हा सिनेमा बघताना त्यातला एक मुलगा "पाणी आलं, पाणी आलं" करत सोफ्यावर चढून बसला, खाली पायच टेकवेना. कुठलं सर्टिफिकेट हे सांगणार? हे सांगलीतल्या पेपरनेच सांगायला पाहिजे, इथल्या लोकांना इथली मुलं माहीत असतात.

बरं, हे सगळं वाचून कोणाला वाटेल की ही बाई मुलांना नुसतं गोड-गोड दाखवा म्हणतेय. नाही. दुःख आणि भीती मी वेगळी धरते. 'द स्नोमॅन' म्हणून १९८२ ची ब्रिटिश फिल्म आहे, जेमतेम २६ मिनिटांची. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशातून उडतात, आणि सकाळी उठून मुलगा बाहेर येतो तर तो वितळलेला. संपली फिल्म. काही पालक म्हणतात, अहो हे काय दाखवता, मुलं रडतात. रडतात की! पण शेजारी कोणीतरी मोठं माणूस बसलेलं असलं तर ते रडणं पाच मिनिटांत ओसरतं आणि मग प्रश्न सुरू होतात, तो परत येईल का, पाण्याचं काय झालं, आपल्याकडे बर्फ का पडत नाही. एका मुलीने तर घरी जाऊन फ्रीजमधला सगळा बर्फ ताटात काढून त्याचा माणूस करायचा प्रयत्न केला, आईचा फोन आला मला. भीतीचं असं होत नाही, भ्यालेलं मूल प्रश्न विचारत नाही, ते रात्री अंथरूण ओलं करतं.

या फिल्मचा आमच्यासाठी दुसरा मोठा फायदा, त्यात कोणी बोलतच नाही. मधे एक इंग्लिश गाणं आहे तेवढं, बाकी नुसतं संगीत. आता भाषेचं दुखणं मी वेगळं सांगायला नको. नाताळचे बहुतेक सिनेमे इंग्लिशमध्ये, नशीब असलं तर हिंदी डब, आणि मराठी शोधत बसलात तर सुट्टी संपते. घरी मराठी बोलणारं चार वर्षांचं मूल हिंदी डबिंग अर्धंमुर्धं समजून घेतं आणि उरलेलं चित्रावरून जुळवतं, त्यात विनोद सगळे वाया जातात आणि आरडाओरडा तेवढा पोचतो. त्यापेक्षा बिनसंवादाची फिल्म बरी. 'शॉन द शीप' त्यातलीच, मेंढरं नुसती बें-बें करतात आणि शेतकरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, तरी सगळं कळतं. त्यांचा नाताळचा अर्ध्या तासाचा भाग २०२१ ला आलाय, छोटं कोकरू हरवतं आणि सगळी मेंढरं त्याच्या मागे निघतात. आटपाडी-जतकडचं एक मूल आमच्याकडे आहे, त्याच्या आजोबांची मेंढरं आहेत, तो पूर्ण वेळ बाकीच्यांना समजावून सांगत होता की खरी मेंढरं अशी दोन पायांवर उभी राहत नाहीत.

लांबीकडे तर कोणी बघतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी असेल तर अजून चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांसाठी तेच सांगितलं, तेही मोठं माणूस सोबत असताना. आणि आपण यादीत टाकतो दीड-दीड तासाचे सिनेमे. म्हणजे दिवसभराचा कोटा अर्ध्यातच संपला, पण पिक्चर अर्धवट बंद केला तर पोरं घर डोक्यावर घेतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी केलेल्या नाताळच्या फिल्म साठच्या दशकापासून आहेत, जाहिराती वगळून साधारण पंचवीस मिनिटं. लहान मुलांसाठी तेच माप बरोबर आहे. नवीनमधली 'फ्रोझन'मधल्या ओलाफ या बर्फाच्या माणसाची २०१७ ची छोटी फिल्म पण विशीतल्याच मिनिटांची, त्यात तो दारोदार जाऊन तुमच्याकडे सण कसा करतात विचारत फिरतो. ती झाल्यावर मी टीव्ही बंद केला आणि मुलांना तेच विचारलं. एक म्हणाला आमच्याकडे पायाने कारीट फोडतात, एक म्हणाली आमच्याकडे शीरखुर्मा असतो, मिरजेच्या एका मुलाने सांगितलं की आम्ही नाताळला चर्चला जातो आणि करंज्या करतो, त्यावर बाकीच्यांचा विश्वासच बसेना, करंज्या तर दिवाळीत असतात! मिरजेत मिशन हॉस्पिटल होऊन शंभराच्या वर वर्षं झाली, तिथल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ होतो, पण शेजारच्या सांगलीतल्या मुलांना सांता फक्त मॉलमधला कापसाच्या दाढीवाला माहीत. फिल्मपेक्षा ती गप्पांची वीस मिनिटं जास्त कामाची झाली असं माझं मत.

"आपले सण सोडून नाताळ कशाला दाखवता" असंही काही जण विचारतात. आपले सणही दाखवते, पण तिथे निवड आणखी अवघड आहे, सोपी नाही. पुराणातल्या गोष्टी ॲनिमेशनमध्ये आल्या की त्या आपोआप बालगोष्टी होत नाहीत. गणपतीच्या जन्माची गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते, डोकं उडवल्याचा भाग येतो तेव्हा आवाज खाली करते, एका वाक्यात उरकते आणि हत्तीवर येते. ऐकताना मूल त्याला सोसेल तेवढंच डोळ्यापुढे आणतं. पडद्यावर मात्र दुसऱ्या कोणीतरी ठरवलेल्या मापाने ते समोर येतं, ढोल-ताशाच्या आवाजासकट, आणि मुलाला ते लहान करता येत नाही. २०२५ च्या जुलैत 'महावतार नरसिंह' आला तेव्हा प्रल्हादाची गोष्ट, होळीची गोष्ट म्हणून लोक कडेवरची पोरं घेऊन थिएटरला गेले. प्रल्हादाची गोष्ट खरीच, पण हिरण्यकशिपूचा शेवट कसा होतो हे आजीला पण माहीत असतं आणि थिएटरच्या स्पीकरवर तो कसा ऐकू येईल याचा अंदाज घरून निघतानाच यायला पाहिजे होता. मोठ्या मुलांना बघू दे की, नाही कोण म्हणतंय.

आपलं गाव नाट्यपंढरी म्हणवतं, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथेच सीतास्वयंवर केलं आणि त्या काळच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत स्टेजवर यायचे म्हणतात. मग मुलं तेव्हा घाबरत नव्हती का? घाबरत असतीलच, पण तिथे आईच्या मांडीवर बसून बोट दाखवून सांगता येतं, तो बघ आपल्या गल्लीतला अमका, मिशा चिकटवल्यात. ॲनिमेशनमधल्या राक्षसाच्या आत कोणी ओळखीचं नसतं.

दिवाळीसाठी मी त्यातल्या त्यात 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम' ही जपानी आणि भारतीय लोकांनी मिळून केलेली फिल्म निवडते. युगो साको आणि आपल्याकडचे राम मोहन यांनी केलेली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, २०२५ च्या जानेवारीत आपल्या थिएटरला परत लागली होती. हाताने काढलेली चित्रं आहेत, रंग डोळ्यावर येत नाहीत. पण सव्वादोन तासांची आहे आणि शेवटी युद्ध आहे, म्हणून अख्खी लावत नाही, सेतू बांधतात तेवढा भाग लावते आणि मग सगळी मिळून अंगणात विटांचा पूल करतात. सव्वीस जानेवारीला 'एक अनेक और एकता', सात मिनिटांची, १९७४ ची, फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेली. हिंदीत आहे पण एवढी सोपी की अडत नाही, आणि पालकांपैकी ज्यांचं लहानपण दूरदर्शनवर गेलं ते न्यायला येतात तेव्हा दारातच उभे राहून गुणगुणतात.

थोड्या मोठ्यांसाठी, सहा-सातच्या पुढे, 'क्लाउस' (२०१९) चांगला आहे. दूरच्या थंड गावात पोस्टमन जातो, तिथे दोन घराण्यांचं पिढ्यान्पिढ्या वैर, इतकं की आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांची आठवण यावी. सुरुवातीचा गाव जरा भेसूर आहे म्हणून लहानांना नको. 'कोको' (२०१७) मेक्सिकोतला, तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांची आठवण करायचा सण असतो, फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात. आपल्या सर्वपित्रीशी मुलं लगेच जोडतात. सांगाडे पुष्कळ आहेत, पण हसरे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर मात्र आधी आईबापांनी बघावा आणि मग ठरवावं, काही मुलांना तो फार बरं वाटायला लावतो आणि काहींना अजिबात नाही.

यूट्यूबचं काय ते थोडक्यात सांगते कारण त्यावर वेगळं पत्र होईल. "दिवाळी कार्टून" म्हणून शोधलं की पहिलं बरं निघतं, दुसरं बरं निघतं, आणि ऑटोप्ले चालू राहिला तर थोड्या वेळाने हिंदीतली चुडैल आणि भुताची कार्टून सुरू होतात, स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही कारण आवाज कार्टूनचाच असतो. शिवाय हातात धरून फटाके उडवणारी कार्टूनं! ते बघून पोरं दुसऱ्या दिवशी तेच करतात. ऑटोप्ले बंद करून ठेवा, फोन हातात देऊ नका, टीव्हीवर लावा म्हणजे घरात सगळ्यांना दिसतं.

स्वतः बघायला दोन तास कोणाकडे असतात, मलाही नसतात. मी शेवटची दहा मिनिटं आधी बघते, कारण जे काही भयंकर व्हायचं ते बहुतेक सिनेमात शेवटाच्या आसपास होतं, मग मधला एखादा भाग आवाज बंद करून बघते, नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळतेय का ते कळतं. आणि मुलांना लावते तेव्हा खोलीत दिवा चालू आणि आवाज अर्धा. थिएटरवाल्यांनीही सुट्टीत सकाळचा एखादा खेळ असा ठेवला, लाइट मंद चालू, आवाज कमी, तासाच्या आतल्या दोन-तीन छोट्या फिल्म, तर माझी खात्री आहे विश्रामबागपासून मिरजेपर्यंतचे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतील.

तर साहेब, नाताळची यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे एक ओळ वाढवा. वय, मिनिटं, भाषा, आणि रडू येण्यासारखं किंवा घाबरण्यासारखं काय आहे ते. जागा कमी पडत असेल तर फोटो काढून टाका, फोटो सगळ्यांनी बघितलेलाच असतो. वयाचा रकाना मात्र "३ ते १०" असा करू नका, ३ ते ६ वेगळा ठेवा. माझ्याकडे एक वही आहे, कुठली फिल्म कुठल्या वयाच्या मुलांनी कशी बघितली, कोण कुठे उठून गेलं, कोणी परत लाव म्हणून हट्ट केला, असं लिहून ठेवलेलं, अक्षर वाईट आहे पण उपयोगी पडेल. सांगितलंत तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसला आणून देते, दुपारी दोन ते तीन सोडून, तेव्हा मुलांची झोपायची वेळ असते.

आपली,
एक पाळणाघरवाली मावशी
विश्रामबाग, सांगली